आधी घसा दाखवा

आमच्या रस्त्यावर तिला कोणी डॉक्टरीणबाई म्हणत नाही, बॅटरी म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण तिला ते ठाऊक आहे आणि तिला त्यात काही वावगंही वाटत नाही. दवाखान्यात आलेला माणूस खुर्चीत नीट टेकायच्या आत तिच्या हातात बॅटरी असते. "आ करा," म्हणते. माणूस सांगतो, अहो बाई, माझा पाय मुरगळलाय. मग ती बॅटरी खाली ठेवते, पण जरा नाराजीनंच.

मी त्यांच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते. तळमजल्यावर दवाखाना, पहिल्या मजल्यावर त्यांचं घर. तिची मोठी बहीण शाळेत माझ्या वर्गात होती. तिला आता सगळी इमारत ताई म्हणते, मीसुद्धा. त्यामुळे या घरातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलंय आणि उरलेलं ताईकडून ऐकलंय.

दवाखाना मुळात त्यांच्या वडिलांचा. त्यांना लोक मोठे डॉक्टर म्हणायचे. त्यांच्या हाताला गुण आहे असं आमच्या रस्त्याचं एकमत होतं. घसा दुखतो म्हणून कोणी आलं की पेशंटचं वाक्य पुरं व्हायच्या आत मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी लिहून झालेली असायची. कॅप्सूल, सकाळी एक, संध्याकाळी एक. तीन-चार दिवसांत घसा मोकळा. घसा काय, बहुतेक वेळा तेवढ्या दिवसांत आपला आपण बरा होतो, पण हे तेव्हा कोणी सांगत नव्हतं आणि कोणी विचारतही नव्हतं. दवाखान्याबाहेर पायरीपर्यंत रांग असायची. मोठे डॉक्टर कुणाला ओरडत नसत, थांबवून ठेवत नसत, रिकाम्या हातानं पाठवत नसत.

पुढे त्यांचे हात थरथरायला लागले. तेव्हा धाकटी, म्हणजे बॅटरी, मोठ्या हॉस्पिटलात मुलांच्या वॉर्डात काम करत होती. ती ते सोडून आली आणि खालच्या खुर्चीत बसली. मोठे डॉक्टर वर गेले आणि खिडकीपाशी बसून खाली कोण येतं-जातं ते बघू लागले.

पहिल्याच आठवड्यात पोस्टातला कारकून आला. नाक वाहत होतं, खोकला होता, आवाज बसला होता. बॅटरीनं त्याचा घसा नीट पाहिला, मान चाचपली, छाती तपासली आणि सांगितलं की ही सर्दीतलीच घसादुखी आहे. व्हायरसची. त्यावर कॅप्सूल चालत नाही, कारण कॅप्सूल जंतू मारते आणि हा त्या जातीचा जंतूच नाही. कोमट मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा, दुखलं तर तापाचीच साधी गोळी घ्या, गरम काहीतरी पीत राहा, चार दिवस कमी बोला. आणि ताप चढायला लागला, तोंड उघडेना, थुंकी गिळता येईना किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर वाट न बघता या.

कारकून तिच्या तोंडाकडे बघत राहिला. "म्हणजे तुम्ही काही देणार नाही?"

"दिलं की. आत्ताच सगळं सांगितलं."

तो उठला, शेजारच्या औषधवाल्याकडे गेला आणि मोठ्या डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठीवर कॅप्सूल घेऊन आला. चार दिवसांत बरा झाला आणि औषधवाल्यानं बरं केलं असं पोस्टाच्या खिडकीवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटला.

महिनाभरात रांग पायरीवरून आत आली, मग बाकावर आली, मग बाकावरही जागा उरायला लागली. दुसरी एखादी असती तर नमली असती. हिचा पारा चढला. ती औषधवाल्याच्या दुकानात गेली आणि गिऱ्हाइकांसमोर त्याला म्हणाली की नव्या चिठ्ठीशिवाय ही कॅप्सूल द्यायची नाही, हा तुझ्या धंद्याचाच नियम आहे. तो हसला. "बाई, तुम्ही नाही म्हणता म्हणून तर माझं दुकान जोरात चाललंय." ती हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून घसा दुखणाऱ्या प्रत्येकाला ती बजावायला लागली की शेजारी जाऊन कॅप्सूल घेतलीस तर मला येऊन सांग, म्हणजे पुढच्या वेळी मला कळेल की तुझ्यावर काय चालणार नाही. लोकांना हे धमकीसारखं वाटलं. थोडीफार धमकी होतीच.

घरातही धुसफूस होती. जेवताना मोठे डॉक्टर म्हणायचे, लोक दुखणं घेऊन येतात, त्यांच्या हातावर काहीतरी ठेवावं लागतं. ती म्हणायची, मी वेळ ठेवते. ते म्हणायचे, वेळ काय चाटायचाय त्यांनी. मग ताई मीठ पुढे सरकवायची आणि विषय बदलायची.

ताईबद्दल इथं सांगायला हवं. ताई घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासते. काम चोख, स्वभाव शांत, आणि एक जिना चढली की कठड्याला धरून उभी राहते. लहानपणी आम्ही तिसरीत असताना तिचा घसा दुखला होता. ताप आला, दोन दिवस औषध झालं, ताप उतरला, ती शाळेत आली. काही आठवड्यांनी तिचा गुडघा सुजला, मग घोटा, मग मनगट. मग कळलं की घशातल्या त्या जंतूनं जाता जाता हृदयाच्या झडपेला हात लावला होता. पुढे मोठेपणी ऑपरेशन झालं, झडप बदलली. शाळा संपेपर्यंत आणि नंतरही कित्येक वर्षं दर तीन आठवड्यांनी तिला पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यावं लागायचं. कंबर धरून ती वर्गात यायची आणि आम्ही तिला बसायला घरून आणलेली मऊ उशी द्यायचो.

म्हणून, बॅटरी कॅप्सूलच्या विरुद्ध आहे असं जे आमच्या रस्त्यावर पसरलं, ते अर्धंच खरं होतं. आणि त्या अर्ध्या खऱ्यानंच पहिला घोळ झाला.

चौकातल्या शिंपिणीची मुलगी, सातेक वर्षांची, ताप घेऊन आली. खोकला नाही, सर्दी नाही. गिळताना डोळ्यांत पाणी. बॅटरीनं घसा पाहिला तर टॉन्सिल लालभडक, त्यावर पांढरे ठिपके, जबड्याखालच्या गाठी सुजून दुखऱ्या. अशा वेळी ती नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवत नाही. कापसाची काडी घशात फिरवून तिथल्या तिथे जंतू दाखवणाऱ्या पट्टीवर तपासते. पट्टीवर रेघ उमटली. हाच तो, ताईच्या घशातला जंतू. तिनं जुनं, साधं पेनिसिलिन लिहिलं, बाटलीतलं पातळ औषध, आणि शिंपिणीला बजावलं की हे पूर्ण दहा दिवस द्यायचं. दोन दिवसांत पोरगी उड्या मारायला लागेल, तरी द्यायचं.

पोरगी दोन नाही, तिसऱ्या दिवशी उड्या मारायला लागली. शिंपीण विचारी बाई. ती रस्त्यावर ऐकत होती की बॅटरी म्हणते कॅप्सूल वाईट, शरीर आपलं आपण लढतं. तिनं विचार केला, झालं काम, उगाच कशाला विष पोटात. बाटली फळीवर ठेवून दिली. हे बॅटरीला कळलं ते शिवायला टाकलेली चादर आणायला ताई दर मजल्यावर थांबत तिच्याकडे गेली तेव्हा. बाटली अर्ध्याच्या वर भरलेली ताईनं पाहिली, विचारलं, आणि घरी येऊन सांगितलं.

बॅटरीचे दोन पेशंट बाकावर बसले होते. त्यांना तसंच बसवून ती निघाली. ताईही तिच्या मागे निघाली. मी जिन्यात होते, मला म्हणाली, चल, मला आधार दे. शिंपिणीचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद आणि उंच पायऱ्यांचा. धाकटी तरातरा वर गेली. आम्ही मागून पोचलो तोवर तिचा आवाज खालपर्यंत येत होता.

ती शिंपिणीला विचारत होती की औषध बंद करायला कोणी सांगितलं. शिंपीण म्हणत होती, बाई, तुम्हीच तर म्हणता. बॅटरी म्हणत होती, मी ज्याला नको त्याला नको म्हणते, तुझ्या मुलीला हवं म्हटलं होतं, ते तू ऐकलंच नाहीस. शिंपीणही काही कमी नव्हती. मशीन न थांबवता म्हणाली, ज्याला त्याला नको म्हणायचं आणि माझ्याच मुलीला दहा दिवस पाजायचं, आम्ही काय समजायचं?

तेवढ्यात ताई दारात आली. ओठांवर निळसर झाक, एक हात चौकटीवर, दुसरा माझ्या खांद्यावर. तिला बोलता येईना. शिंपिणीनं मशीन थांबवलं आणि स्टूल पुढे केलं. ताई बसली. बराच वेळ खोलीत तिच्या श्वासाचाच आवाज होता. मुलगी कोपऱ्यातून बघत होती.

मग ताई म्हणाली, "मला पण तिसऱ्या दिवशी बरं वाटलं होतं."

एवढंच बोलली. शिंपीण उठली, फळीवरची बाटली काढली, मुलीला जवळ ओढलं. बॅटरीनं राहिलेले दिवस मोजून दिले, मधला खंड बघून थोडे वाढवले, आणि रोज संध्याकाळी दवाखाना मिटला की ती स्वतः तो जिना चढून बाटली बघून यायची. शिंपिणीला ते आवडत नसे. "माझ्यावर पहारा ठेवलाय," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची. पण बाटली तिनं संपवली.

त्या दिवसापासून बॅटरीनं बोलण्याची तऱ्हा बदलली. नरमली नाही, उलट दोन्ही बाजूंनी भांडायला लागली. एकाला कॅप्सूल नाही म्हणून, दुसऱ्याला कॅप्सूल पुरी कर म्हणून. बाकावर बसलेले लोक आत काय चाललंय ते ऐकून पैजा लावायचे, आज कुठल्या जातीचं भांडण.

मग बसवाला आला.

त्याच्या बसेस गावोगाव धावतात, आमच्या रस्त्यावर त्याचा शब्द चालतो. त्याचा मुलगा कॉलेजात पहिल्या वर्षाला, फुटबॉल खेळणारा, चांगला उंचापुरा. आठवडाभर अंगात कणकण, घसा इतका धरलेला की पाणी जाईना. रविवारी अंतिम सामना होता. बसवाला आत शिरतानाच म्हणाला, बाई, शनिवारपर्यंत पोरगा उभा करा.

बॅटरीनं बघितलं. टॉन्सिलवर पांढरा थर. कोणीही बघितलं असतं तर म्हणालं असतं की कॅप्सूल द्या. पण तिनं मानेमागेही हात फिरवला, तिथल्याही गाठी सुजल्या होत्या. त्याला आडवं करून डाव्या बरगडीखाली चाचपलं, तिथं सुजलेली प्लीहा हाताला लागली. कापसाच्या काडीची पट्टी कोरी निघाली. तिनं रक्त तपासायला लिहून दिलं आणि सांगितलं की बहुधा हाही व्हायरसच आहे, पण चिवट जातीचा, या वयात होतो, काही आठवडे थकवतो. कॅप्सूल याला नको. या आजारात घशासाठी देतात ती कॅप्सूल दिली तर अंगावर पुरळ उठतं. आणि फुटबॉल अजिबात नाही. पोटात धक्का लागून प्लीहा फुटली तर घसा बाजूलाच राहील.

बसवाल्यानं आधी समजावून बघितलं. मग आवाज चढवला. तुमच्या वडिलांनी कधी मला रिकामं पाठवलं नाही, म्हणाला. दार उघडंच होतं, बाकावरची माणसं ऐकत होती. बॅटरी म्हणाली, "त्यांच्या वेळचं त्यांना विचारा. आत्ता या खुर्चीत मी आहे, आणि माझं उत्तर नाही आहे."

तो खरंच विचारायला गेला. मुलाला गाडीत बसवून सरळ वर गेला. मोठे डॉक्टर खिडकीत होते, जुना पेशंट आलेला बघून खूश झाले. मुलाला ताप आहे, घशात पांढरं आहे, एवढं त्यांनी ऐकलं आणि दवाखान्याच्याच जुन्या कागदावर थरथरत्या हातानं चिठ्ठी लिहून दिली.

शनिवारी सकाळी मुलाच्या अंगावर कपाळापासून तळपायापर्यंत लाल पुरळ. बसवाला त्याला घेऊन आला तो रस्ताभर बोलतच आला. एकीनं औषध दिलं नाही, दुसऱ्यानं विष दिलं, हा दवाखाना आहे की काय आहे. बॅटरीनं त्याच्याकडे लक्ष न देता मुलाला आत घेतलं. जीभ, ओठ, श्वास, सगळं बघितलं. कॅप्सूल बंद करायला सांगितली. पुरळ काही दिवसांत जाईल, घाबरू नकोस, म्हणाली. रक्ताचा निकाल आला होता, तिनं म्हटलं होतं तेच निघालं. मग ती बापाला सोडून थेट मुलाशी बोलली. "उद्या तुला कोणी मैदानात उतरवलं तर तू स्वतः नाही म्हणायचं. तुझं पोट आहे, त्यांचं नाही."

पोरानं मान डोलावली. रविवारी त्यानं बूट घातलेच नाहीत. संघ हरला. बसवाल्यानं सोमवारी तक्रार दिली, वैद्यकांच्या मंडळाकडे, आणि तक्रार तिच्या नावावर होती: औषध नाकारलं, उद्धट बोलली, आणि तिच्याच दवाखान्याच्या चिठ्ठीवरून मुलाला इजा झाली.

त्या दुपारी बॅटरी वर आली तेव्हा मी ताईपाशी बसले होते. खरं तर उठून जायला हवं होतं. गेले नाही.

"मुलगा कुठं होता?" तिनं वडिलांना विचारलं.

"गाडीत."

"म्हणजे घसा बघितला नाहीत."

मोठे डॉक्टर म्हणाले की बापानं सांगितलं ते पुरेसं होतं, ताप आणि पांढरं, आणखी काय बघायचं. तिनं म्हटलं, पुरेसं नव्हतं. त्यावर ते चिडले. मी त्यांना चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. तू पुस्तकातून शिकलीस, म्हणाले, मी घरात शिकलो. एकदा औषध कमी दिलं मी. एकदाच. त्यांनी ताईकडे बघितलं आणि थांबले. मग हळू म्हणाले की तेव्हापासून मी दुखऱ्या घशाच्या एकाही माणसाला औषधाशिवाय जाऊ दिलं नाही.

आम्हा सगळ्यांना ते इतकी वर्षं माहीत असावं, आणि कोणी कधी उच्चारलं नव्हतं.

धाकटी म्हणाली, "बाबा, तुम्ही तेव्हा औषध कमी दिलंत ते नंतरचं. आधी तुम्ही तिचा घसा बघितला नव्हता."

मला वाटलं आता ते उठून जातील. पण ताईनंच तपासायचे कागद बाजूला ठेवले. तिच्या आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. "मी आ करून उभी होते," ती म्हणाली. "तेवढ्यात खालून तुम्हाला हाक आली. तुम्ही कपाळाला हात लावलात आणि गेलात. मी आ करून थोडा वेळ तशीच उभी होते."

मोठे डॉक्टर खिडकीकडे वळले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पुढे कितीतरी दिवस बापलेकींचं बोलणं ताईच्या मार्फत चालायचं. ताई, बाबांना सांग गार झालंय. ताई, तिला सांग मला दिसतंय.

मंडळाच्या चौकशी समितीची तारीख आली. आदल्या दिवशी ओळखीतले एक डॉक्टर येऊन गेले. भले गृहस्थ. म्हणाले, दोन गोड शब्द बोल, माफी मागून टाक, प्रकरण मिटतं, असल्या गोष्टी ताणायच्या नसतात. तिनं त्यांना चहा दिला आणि म्हणाली की मुलाच्या अंगावर जे उठलं त्याबद्दल मला वाईट वाटतं, ते मी मुलाला सांगितलंय. नाही म्हटल्याबद्दल मात्र मी माफी मागणार नाही, आज नाही आणि कधीच नाही. गृहस्थांनी चहा संपवला आणि निघून गेले.

समितीसमोर ती, ताई आणि मी गेलो. आम्हाला मागच्या खुर्च्यांवर बसू दिलं. लांब टेबल, पलीकडे तीन डॉक्टर, मध्ये पंखा करकरत होता. बसवाला एका बाजूला. मोठे डॉक्टर येणार नव्हते. ते आले. आमच्यानंतर थोड्या वेळानं, काठी टेकत, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि आमच्यापासून दूर भिंतीपाशी बसले.

अध्यक्षांनी तिला विचारलं की ताप आणि टॉन्सिलवर थर असताना तुम्ही अँटिबायोटिक का दिलं नाही. तिनं सगळं सांगितलं: मानेमागच्या गाठी, प्लीहा, कोरी पट्टी, रक्ताचा निकाल. ते ऐकून घेतलं गेलं. मग अध्यक्ष खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "ते ठीक. पण सावधगिरी म्हणून दिलं असतं तर बिघडलं काय असतं?"

मला वाटतं या एका प्रश्नाची ती दवाखान्याच्या खुर्चीत बसल्या दिवसापासून वाट बघत होती.

"जे बिघडलं तेच बिघडलं असतं," ती म्हणाली. "आता त्या मुलाच्या नावापुढे कोणीतरी लिहील की याला हे औषध सोसत नाही. खरं तर सोसतं, या आजारात सोसत नाही एवढंच. पण लिहिलेलं पुसत नाही कोणी. उद्या त्याला खरी गरज पडली की सगळ्यात साधं औषध सोडून लोक भारीतलं शोधतील. आणि आपण सगळेच असं सावधगिरी म्हणून वाटत राहिलो, तर भारीतलंही एक दिवस चालायचं नाही. हॉस्पिटलात असताना मी अशी मुलं बघितली आहेत, ज्यांच्यावर काहीच चालत नव्हतं. सावधगिरी म्हणजे बघणं. न बघता देणं ही सावधगिरी नव्हे, ती घाई आहे."

टेबलापलीकडच्या एकानं पेन खाली ठेवलं. अध्यक्षांना ते रुचलं नाही, चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी विचारलं की उद्या असाच रुग्ण आला तर काय कराल.

"हेच करीन."

मग चिठ्ठीचा प्रश्न आला. चिठ्ठी कोणी लिहिली? तिनं भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, कागद माझ्या दवाखान्याचा आहे, तो वर पडून राहिला ही चूक माझी, जबाबदारी माझी.

भिंतीपाशी काठी वाजली. मोठे डॉक्टर उभे राहिले होते. त्यांना बसून बोला म्हटलं, ते बसले नाहीत.

"चिठ्ठी मी लिहिली," ते म्हणाले. "घसा बघितला नव्हता. हिनं बघितला होता आणि नाही म्हटलं होतं. तक्रार करायची तर माझ्यावर करा. ती बरोबर होती."

समोरच्यांपैकी एकानं त्यांच्या वयाचा मान राखून काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. त्यांनी हात वर करून थांबवलं. वयाचा यात काही संबंध नाही, म्हणाले, मी तरुण होतो तेव्हाही न बघता दिलंय.

एवढ्या सगळ्यात बसवाल्याला कोणी काही विचारलंही नाही.

निकाल तोंडी सांगितला गेला. मोठ्या डॉक्टरांना समज, यापुढे चिठ्ठी लिहायची नाही. बॅटरीचा उपचार योग्य ठरला. मात्र तिनं रुग्णांशी आणि नातेवाइकांशी सौम्य भाषेत बोलावं असा सल्ला. बाहेर पडल्यावर ताईला हसू आवरेना. हसताना तिला धाप लागते, म्हणून आम्ही तिला एका बाकावर बसवलं. मोठे डॉक्टर तिच्या पाठीवर हात फिरवत उभे राहिले. धाकटी म्हणाली की सल्ल्याचं बघू. आजवर तरी तिनं तो मनावर घेतलेला नाही.

बापलेकी एका रात्रीत गळ्यात गळे घालायला लागल्या असं काही झालं नाही. मोठे डॉक्टर अजून म्हणतात की तू फार तोडून बोलतेस. ती अजून म्हणते की तुम्ही फार गोड बोललात. पण जुने पेशंट वर गेले तर ते दार उघडून एवढंच सांगतात, "खाली जा." एकानं गळ घातली, तुम्हीच बघा हो. ते म्हणाले, मला दिसत नाही आता. त्यांना चांगलं दिसतं. सकाळचा पेपर ते चष्म्याशिवाय वाचतात.

बसवाला पुन्हा आला नाही. त्याची बायको येते. मागच्या दारानं येते आणि नवऱ्याला सांगू नका म्हणते. मुलगा दोन महिन्यांनी मैदानात उतरला. शिंपिणीच्या मुलीचं हृदय बॅटरीनं मोठ्या हॉस्पिटलात तपासून घेतलं, काही निघालं नाही. शिंपिणीनं कपाटाच्या तळातून एक कापड काढून ताईसाठी पांघरूण शिवलं आणि पैसे घ्यायला नकार दिला. त्यावरून तिचं आणि बॅटरीचं बरंच वाजलं.

दवाखान्याची रांग पायरीपर्यंत परत कधी गेली नाही. चौकात नवा दवाखाना निघालाय, काचेचं दार, आत गारवा. तिथं घसा दुखतो म्हटलं की इंजेक्शनही मिळतं आणि कॅप्सूलही. पोस्टातला कारकून तिकडेच जातो. मी एकदा बॅटरीला विचारलं की तुझं कसं व्हायचं. ती खालच्या खोलीत बाकं पुसत होती. तिनं फडकं पिळलं आणि म्हणाली की पोटापुरते पेशंट आहेत, आणि भांडायला तेवढे पुष्कळ झाले. मग दार वाजलं. एक बाई कडेवर मूल घेऊन उभी होती, दोन दिवस काही खात नाही म्हणत होती. बॅटरीनं हात धुतले आणि मला बाजूला हो म्हटलं.